पप्पांची भिस्त

आमच्या घरात येसराची आमटी कधी गरम पोटात गेली नाही, आणि त्याला कारण पप्पांची प्रार्थना. आई ताटं वाढायची, तव्यावरून उतरलेली भाकरी अजून फुगलेली असायची, आमटीवर लाल तवंग तरंगत असायचा आणि पप्पा डोळे मिटून सुरू व्हायचे. आधी अन्नाबद्दल उपकार, मग ते शिजवणाऱ्या हातांबद्दल, मग पाऊसपाणी, मग आमच्या चर्चच्या मंडळीतले आजारी, मग प्रवासात असलेले, आणि शेवटी त्यांच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना सद्बुद्धी. मुख्याध्यापक आले की आम्ही समजायचो, आता आमेन जवळ आलं. तोवर भाकरी बसलेली असायची. मी आईला एकदा म्हटलं की प्रार्थना आधी करू आणि मग वाढू. आई म्हणाली, "करून बघितलं बाई. मग ते समोर ताट नाही म्हणून आणखी निवांत होतात."

हे लातूरचं. मी लग्न होऊन नांदेडला आले आणि इथंच केस पिकले, पण माझी जीभ अजून लातूरचीच आहे, असं आमच्या घरात म्हणतात. कौतुकानं म्हणतात की कसं, ते मी विचारत नाही. तर लातूरला तेव्हा आमचं घर गावाच्या कडेला होतं. आता ती कड गावाच्या पोटात गेली. पुढं दोन खोल्या आणि मागं पत्र्याचं एक लांब शेड. पप्पा शाळेत गणित शिकवायचे आणि संध्याकाळी त्या शेडात शिकवणी घ्यायचे. मंडळीत आणि बाहेरही त्यांना सगळे जोसेफ सर म्हणत. शेडात पोरं सतरंजीवर बसायची. उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा की पोरं डोक्यावर ओला रुमाल टाकून बीजगणित करायची, आणि पाऊस आला की शिकवणी आपोआप बंद, कारण पत्र्यावरच्या आवाजात कुणाचं कुणाला ऐकू यायचं नाही. रस्त्याच्या पलीकडं एका सरांचा स्लॅबचा क्लास होता. त्याला बाक होते, पंखे होते. पप्पा आमच्या शेडाकडं बघून उसासा टाकायचे. "विमल," ते आईला म्हणायचे, "माणसाकडं एक स्लॅब तरी पाहिजे."

भूकंपाबद्दल मी फार लिहिणार नाही. आमच्या लातुरात भांडी पडली, भिंतींना चिरा गेल्या, आम्ही पहाटे अंधारात रस्त्यावर उभे राहिलो. पण औशाच्या पलीकडं गावंच्या गावं बसली, आणि त्यातलं एक माझ्या आत्याचं होतं. आत्या म्हणजे पप्पांची थोरली बहीण सुंदराबाई. पप्पांची आई लवकर गेली, तिनंच त्यांना वाढवलं. ते तिला अक्का म्हणायचे. आमच्या आतोबांना आपल्या घराच्या भिंतीचा फार गर्व. दगडमातीची, हातभर जाड. "चोरानं म्हैनाभर खणलं तरी आत यायचा न्हाई," असं ते आल्यागेल्याला भिंतीवर थाप मारून सांगायचे. त्या पहाटे खुराड्यात कोंबडी ओरडली. मुंगूस आलं असेल म्हणून आत्या काठी घेऊन अंगणात गेली. ती अंगणात असतानाच ती भिंत पडली. आतोबा आत होते. त्याबद्दल इथंच थांबते. पप्पा जाऊन तिला घेऊन आले, तेव्हा तिच्याजवळ अंगावरचं लुगडं होतं आणि काखेत एक टोपली होती. टोपलीत ती कोंबडी. तिचं नाव ठमी.

आत्या घरात झोपायला तयार होईना. आमचं घर पुढच्या बाजूनं विटांचं होतं, ती म्हणाली, "मला पत्र्याखाली पथारी टाक. पत्रा पडला तर टेंगूळ येतं, माणूस मरत न्हाई." तशी ती शेडात राहायला लागली. सकाळी पथारी गुंडाळायची, ठमीला सोडायची, शेड झाडायची, आणि संध्याकाळी पोरं आली की कोपऱ्यात शेंगा फोडत बसायची. मधेच बोलायची. पप्पा लहानपणी विजेला फार भ्यायचे. ढग गडगडले की पळत येऊन तिचा पदर धरायचे आणि सोडायचेच नाहीत. ती चुलीपाशी गेली की चुलीपाशी, गोठ्यात गेली की गोठ्यात. हे ती पप्पांच्या विद्यार्थ्यांना सांगायची, तेही पप्पा फळ्याकडं तोंड करून प्रमेय लिहीत असताना. "अक्का, वर्गात नको ना," पप्पा न वळता म्हणायचे. त्यांचे कान लाल झालेले मागून दिसायचे.

आत्यानंच आमच्या घरात पेल्यांची उतरंड आणली. तिनं काढलेली युक्ती नव्हती ती, तेव्हा लातुरात घरोघर हेच चाललं होतं. एक स्टीलचा पेला उपडा ठेवायचा, त्यावर दुसरा सुलटा, त्यावर तिसरा. जमीन जराशी जरी हलली तरी उतरंड कोसळणार, आवाज होणार, आणि तो ऐकला की विचार करायचा नाही, आधी बाहेर पळायचं. धक्के महिनोन् महिने येतच होते, त्यामुळे सगळ्या गावाचे कान त्या एका आवाजाला लागलेले. शेजारणीच्या हातून मोरीत पेला सटकला तर तीन घरं रिकामी व्हायची आणि मग रस्त्यावर तिचा उद्धार व्हायचा. माझ्या नांदेडच्या घरात आजही कपाटावर पेल्यावर पेला असतो. सुनेला वाटतं, सासूबाईंना भांडी लावायची पद्धत माहीत नाही.

तर स्लॅबची अशी दहशत बसल्यावर काय झालं, पलीकडच्या सरांचा क्लास ओस पडला. पंखे फिरताहेत आणि खाली कुणी नाही. आईबाप म्हणायचे, मार्क कमी पडले तरी चालतील, लेकरू पत्र्याखाली बसलं पाहिजे. आणि पत्रा कुणाकडं? जोसेफ सरांकडं. पप्पांनी ज्याच्याकडं बघून इतकी वर्षं उसासे टाकले, त्या शेडापुढं पालकांची रांग लागली. पप्पा हुशार माणूस. त्यांनी बोर्ड रंगवून घेतला. वर गणित, खाली भौतिकशास्त्र, आणि त्याखाली सगळ्यांत मोठ्या लाल अक्षरांत, 'स्लॅब नाही'.

मग लातूरच्या शिकवण्यांचं नाव झालं आणि ते दिवस कुणाला थांबवता येईनात. देवणीची, लोह्याची, धर्माबादची पोरं यायला लागली. काहींच्या आया संसाराची भांडी पोत्यात भरून पोरांबरोबर खोली करून राहायला आल्या. नांदेडहूनही पोरं यायची, आणि नांदेडचे लोक आपल्या पोरांना लातूरला पाठवायचं म्हणजे काय, हे मी आता इथं राहून जाणते. नाक कापल्यासारखं वाटतं त्यांना. सकाळी अंधार असल्यापासून शेडात आवाज सुरू. एक तुकडी निघाली की दुसरी आत. पप्पांनी शाळा सोडली. त्या दिवशी प्रार्थनेतून मुख्याध्यापक गेले, पण प्रार्थना काही आखूड झाली नाही. मुख्याध्यापकांच्या जागी फ्रिज आला.

हो, फ्रिज. पप्पांनी दोन दारांचा फ्रिज आणला, आईनं त्याला क्रोशाचं झाकण विणलं, आणि पप्पा जेवणाआधी त्याच्याबद्दल नाव घेऊन उपकार मानायला लागले. मग स्कूटर आली, तिचे उपकार. मग टेलिफोन, त्याचे. आमटी थंड होण्याचं दुःख मात्र कमी झालं होतं, कारण आता आमटीच्या आधी मटणाचा रस्सा असायचा आणि तो थंड व्हायचा. एका दुपारी पप्पा अशाच भरात म्हणाले, "प्रभू, तू या भूकंपातूनही आमच्या घराचं कल्याण केलंस." आत्याचे डोळे प्रार्थनेत उघडेच असायचे. तिचं म्हणणं असं की देवाला डोळे उघडे ठेवून केलेलं बी ऐकू येतं, अन् शिवाय मांजर दिसतं. ती म्हणाली, "जोसफ, माझं घर पाडलं ते तुझी शिकवणी चालावी म्हनून व्हय?"

पप्पांनी डोळे उघडले. आईनं आत्याच्या ताटात हळूच एक भाकरी ठेवली. पप्पांनी घाईनं आमेन म्हटलं आणि खाली मान घालून जेवले. पण ते वाक्य त्यांच्यात रुतलं नाही. रुतलं असतं तर पुढं घर झालं नसतं.

आमच्या मंडळीचे पाळकसाहेब म्हणजे एक काटकुळा माणूस, लुनावरून फिरायचे. लुना चढावर बसली की उतरून तिला ढकलायचे आणि ढकलता ढकलता गीत म्हणायचे. पैशावर त्यांचं फार बारीक लक्ष, म्हणजे दुसऱ्याच्या. सुईच्या नाकात अडकलेला उंट तर त्यांच्या उपदेशात वर्षातून दोनदा तरी यायचा. पण त्यांची खरी आवडती गोष्ट कोठारवाल्याची. "एका मान्साचं शेत पिकलं," ते सांगायचे. "लई पिकलं. ठिवायला जागा पुरंना. शेजाऱ्याला दिलं काय त्यानं? नाव नका काढू. म्हणला, जुनी कोठारं पाडतो, मोठाली बांधतो. अन् आपल्याच जिवाला म्हणला, आता लोळ बाबा, खा, पी, चिंता मिटली. देव म्हणला, येड्या, आज रातीलाच तुझं बोलावणं हाय, मग हे खानार कोन?" मग ते मंडळीवरून नजर फिरवायचे. "पैका असू द्या. पैका पाप न्हाई. पर भिस्त कशावर हाय तुमची, ते बघा."

आणि मंडळी बघायची, पण एकमेकांकडं. आमच्या मंडळीत दोनच माणसं पैसेवाली झाली होती. एक पप्पा आणि दुसरे शांतवन ठेकेदार, ज्यांना भूकंपानंतर बांधकामं इतकी मिळाली की त्यांच्या बायकोला हातात बांगड्या घालायला जागा उरली नाही. उपासना संपली की आम्ही सगळे दाराशी चपलांच्या ढिगात आपापल्या चपला शोधायचो, आणि तिथं वाकून बूट घालताना पप्पा आईच्या कानाशी लागायचे. "आज शांतवनला बरोबर लागलं." ढिगाच्या पलीकडं शांतवनकाका आपल्या बायकोला काहीतरी सांगत असायचे आणि आमच्याकडं बघत असायचे. मी तेव्हा लहान नव्हते. काय सांगत असतील ते मला कळायचं.

मग घर झालं. शेडाला लागून, जुन्या दोन खोल्यांच्या जागी, दुमजली. शांतवनकाकांनीच बांधलं. आमची काळी माती, खणत जावं तर मुरूम लागता लागत नाही. पप्पा रोज खड्ड्याच्या काठावर उभे. खांब ठरले होते त्याच्या दुप्पट जाड करून घेतले, सळई वाढवून घेतली, आणि घराला नाव दिलं 'खडक'. काळ्या ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरं. का, तर आमच्या शास्त्रात, म्हणजे बायबलात, शहाण्या माणसानं घर खडकावर बांधलं, पूर आला, वारा आला, घर पडलं नाही. पाळकसाहेब लुना स्टँडवर लावून ती पाटी बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "सर, त्या गोष्टीत सिमेंट न्हाई हो." पप्पा हसले आणि त्यांना वरचा मजला दाखवायला घेऊन गेले.

हे इथवर ठीक होतं. चांगलं घर बांधणं काही गुन्हा नाही, मला स्वतःला माझी खोली मिळाल्याचा आनंद झालाच होता. पण तोवर लोकांची स्लॅबची भीती ओसरली होती. आता आईबाप विचारायला लागले होते, बाक आहेत का, पंखे आहेत का. पप्पांनी ठरवलं की शेड पाडायचं आणि तिथं मोठा हॉल उठवायचा, त्यावर आणखी एक हॉल. बोर्डावरच्या लाल अक्षरांवर रंग फासला. शांतवनकाकांची माणसं येऊन पत्रे उतरवणार होती, घराच्या उपकारस्तुतीनंतरच्या सोमवारी.

"अन् मी?" आत्यानं विचारलं.

"अक्का, तुझी खोली खाली आहे की. पूर्वेची. फरशी बसवली, संडास आत."

"स्लॅबाखाली मी निजनार न्हाई."

"अगं, तुला या खांबात सळई किती आहे ठाऊक आहे का? सगळा जिल्हा आडवा झाला तरी हे घर उभं राहील."

आत्यानं खांबावर तळहात ठेवला, अगदी आतोबा भिंतीवर थाप मारायचे तसा. "ते बी असंच म्हनायचे," ती म्हणाली. मग तिनं हात काढून घेतला. "तुझं घर, तुझे पत्रे. काढ की. सोमवारी पत्रे काढ अन् मला गावाकडच्या गाडीत बसव. तिथं सरकारनं दिलेलं टिनाचं खोपट हाय अजून. मी अन् ठमी राहू."

गावात तिचं कुणी उरलं नव्हतं. ते पप्पांना माहीत होतं, आईला माहीत होतं, मला माहीत होतं. मला तर वाटलं की माझ्याच पायाखालची जमीन सरकली, कारण मी अभ्यास तिच्या पथारीवर बसून करायचे आणि माझ्या केसांना तेल तिच्याशिवाय कुणी लावलेलं मला चालत नव्हतं. मी पप्पांपाशी रडले, आईनं दोन दिवस अबोला धरला. पप्पा म्हणत राहिले, "येईल ती वळणावर. एकदा पंख्याखाली झोपली की येईल." त्यांना खरंच तसं वाटत होतं. पैशानं इतक्या गोष्टी वळणावर आल्या होत्या की अक्काही येईल, असा त्यांचा हिशोब.

उपकारस्तुतीची सभा शनिवारी दुपारी होती. सगळी मंडळी आली. परसात मटणाचं पातेलं रटरटत होतं आणि त्याचा वास असा येत होता की पाळकसाहेबांची प्रार्थनासुद्धा आखूड झाली. आत्या दाराबाहेर उभी. आत येईना. पप्पा तिला म्हणाले, "अक्का, आजचा दिवस तरी." तेव्हा ती म्हणाली, "पेले ठिवीन, मग येते." पप्पांना ते पाहुण्यांसमोर बरं दिसेना. 'खडक' नावाच्या घरात भूकंपाचे पेले! पण आई फक्त म्हणाली, "ठेवू द्या हो." आत्यानं उतरंड कुठं रचावी? हॉलमध्ये सगळ्यांत उंच जागा एकच, फ्रिजवर. क्रोशाच्या झाकणावर एकावर एक पेले चढले, आणि मग आत्या आत आली. दाराच्या अगदी लगतची खुर्ची तिनं धरली, अर्धी आत, अर्धी बाहेर.

मग पप्पा साक्ष द्यायला उभे राहिले. आमच्यात साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत सांगायचं. पप्पांनी पत्र्याच्या शेडापासून सुरुवात केली, गरिबी सांगितली, ओले रुमाल सांगितले, हळूहळू फ्रिजपर्यंत आले. मग पायाची खोली, मग सळई. देव मागं पडत चालला आणि सिमेंट पुढं. पुढच्या रांगेत शांतवनकाका मान डोलवत होते, त्यांच्याच कामाची साक्ष चालली होती म्हणा ना. पप्पांचा आवाज चढला. हात वर गेला. "मंडळी, मी आज प्रभूसमोर आत्मविश्वासानं सांगतो, सगळं लातूर हललं तरी हे घर..."

खण्ण! खण् खण् खण्! पेले कोसळून ग्रॅनाइटच्या फरशीवर नाचायला लागले.

शांतवनकाका खुर्चीवरून उडाले आणि ओरडले, "बाहेर! बाहेर! स्लॅब!" आता मला सांगा, ज्यानं घर बांधलं तोच पळाला म्हटल्यावर मागं कोण थांबेल? खुर्च्या उलटल्या. पाळकसाहेबांचा चष्मा पडला आणि त्यावरून सगळी मंडळी गेली. एक म्हातारे सभासद, ज्यांना उठताना दोन माणसं लागायची, ते खिडकीतून बाहेर पडले, कसे ते त्यांनाही नंतर सांगता आलं नाही. आईनं माझं मनगट असं धरलं की बांगडी फुटली. आणि सगळेच्या सगळे, रस्ता मोकळा पडलेला असताना, शिरले कुठं, तर पत्र्याच्या शेडात. अंगातच भिनलं होतं ते.

आत चेंगराचेंगरी. सगळे पुढच्या धक्क्याची वाट बघत. कुणीतरी दबक्या आवाजात प्रभूची प्रार्थना सुरू केली. मी पप्पांना शोधलं तर ते शेडाच्या अगदी मधे उभे होते, आत्याच्या पाठीशी, डोळे गच्च मिटलेले. आणि त्यांच्या मुठीत आत्याचा पदर.

कुठलाही धक्का आला नाही. घराचं दार सताड उघडं होतं. आतले पंखे रिकाम्या खुर्च्यांवर फिरत होते. आणि त्या दारातून, नव्या पायऱ्या एकेक करून उतरत, क्लक क्लक करत, ठमी बाहेर आली. पायऱ्यांच्या खाली थांबून तिनं अंग झाडलं आणि परसाकडं चालू लागली. अंडं घालायला उंच आणि मऊ जागा शोधायची तिची खोड होती, आणि आईच्या क्रोशाएवढं मऊ त्या घरात दुसरं काही नव्हतं.

आत्यानं मागं वळून बघितलं. तिच्या आवाजात राग नव्हता, हसूही नव्हतं, लहान लेकराशी बोलावं तशी ती बोलली. "जोसफ, पदर सोड बाळा. काही हाललं न्हाई. ठमी व्हती."

आधी आई हसली. माझी आई, जी पाहुण्यांसमोर तोंडाला पदर लावल्याशिवाय हसत नसे, ती पोट धरून खाली बसली. मग सगळं शेड हसलं, पाळकसाहेब तर चष्म्याशिवायच डोळे पुसायला लागले. शांतवनकाका ज्याला त्याला धरून सांगत होते की सळई पुरेपूर घातली आहे, शप्पथ, मी फक्त सवयीनं पळालो. हसत नव्हते ते एकटे पप्पा. त्यांनी पदर सोडला होता, पण मूठ तशीच होती. ते उघड्या दाराकडं बघत होते. मग आईकडं वळले. "विमल, तू आणि आपली रूथ माझ्या मागंच होतात ना?"

"कुणास ठाऊक," आई डोळे पुसत म्हणाली. "तुम्ही पुढं होता, एवढं मात्र दिसलं."

त्यांचा चेहरा एवढासा झाला. मला त्यांची दया आली आणि रागही आला, दोन्ही एकदम. घर, फ्रिज, टेलिफोन, किल्ल्यांचा जुडगा, सगळं सोडून ते पळाले होते, आम्हाला सोडून पळाले होते, आणि धरला होता तो त्या एका बाईचा पदर जिला ते सोमवारी गाडीत बसवणार होते.

जेवायला आत चला म्हणायची कुणाची हिंमत होईना. पातेलं शेडात आलं, पंगत सतरंजीवर बसली. वाफा येत होत्या. सगळ्यांनी हात आखडून धरले, कारण प्रार्थना यजमानाची आणि यजमान जोसेफ सर. जुनी माणसं मांडी सैल करून नीट बसली. पप्पांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "प्रभू, जेवण गरम आहे. आमेन." त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की आईच्या रश्शाला जीभ भाजण्याइतकी चव आहे.

पण पत्र्यांबद्दल ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी आत्यानं आपलं लुगडं घडी करून टोपलीजवळ ठेवलं. मी टोपली लपवली, तर तिनं ती मुकाट्यानं शोधून परत जागेवर ठेवली. पुढं काय झालं ते आत्ताच सांगून टाकते, कारण माझ्यानं कुणाला ताटकळत ठेवणं होत नाही. ते शेड आजही आहे. त्याच्या चारी बाजूंना आता काचेचे क्लास उभे राहिलेत आणि दलाल फोन करून करून जीव खातात. आत्या त्याच पत्र्याखाली म्हातारी झाली, शेवटचा पावसाळा तिनं पत्र्यावरचा आवाज ऐकत काढला आणि झोपेतच गेली. ठमी त्याआधीच कधीतरी गेली होती. तिचा रस्सा करायचा विषय आमच्या घरात कुणी काढला नाही.

तर दुसऱ्या दिवशीचा रविवार. पाळकसाहेबांनी चष्म्याला दोरा बांधून आणला होता. मंडळीला वाटलं, आज कोंबडीवर उपदेश होणार. पण त्यांनी तीच जुनी कोठारवाल्याची गोष्ट सांगितली, शब्दन् शब्द तशीच, आणि कुणाकडंही न बघता खाली बसले. उपासना सुटली. दाराशी चपलांचा ढीग, आम्ही सगळे वाकलेले. पप्पांच्या हातात एक बूट होता आणि ते तो घालत नव्हते.

"शांतवन," ते ढिगावरून म्हणाले, "उद्या माणसं पाठवू नका. पत्रे राहू द्या."

"अन् हॉल, सर?"

"राहिला हॉल."

आत्या बाजूलाच चपलेचा अंगठा सरळ करत होती. तिनं वर बघितलं नाही, पण अंगठ्यावरचा तिचा हात थांबला. पप्पा खाली बसले, बूट पायात घातला, आणि नेहमीसारखे आईच्या कानाशी लागले. "विमल," ते म्हणाले, "आज मला लागलं."

आणि ढिगाच्या पलीकडून, बायकोच्या कानात सांगताना शांतवनकाकांना आपला आवाज कधीच सांभाळता आला नाही, मला अगदी स्पष्ट ऐकू आलं. "बघ, मी म्हनत नव्हतो? सरांना बरोब्बर लागलं."